वारा फुकट, पण पंखा नाही



कालपासून चौघांनी तोच व्हिडिओ पाठवला. "शेतात छोटी पवनचक्की बसवा, लाईट बिल विसरा." म्हणून आज पिकाचं बाजूला ठेवतो आणि माझ्या वहीतला हिशेब लिहितो.

सात वर्षांपूर्वी मी एक किलोवॅटची बसवली. पंखा, खांब, बॅटऱ्या, इन्व्हर्टर, काँक्रीट, मजुरी धरून पावणेदोन लाख गेले. चौथ्या वर्षी चारही बॅटऱ्या बसल्या, त्याचे ४८ हजार. मग बेअरिंग वाजायला लागलं. खांब आडवा करायला आठ माणसं लागतात, आणि हे काम जाणणारा मेकॅनिक तालुक्यात मला सापडला नाही. विकणाऱ्याचा फोन लागत नाही. दोन वर्षं झाली, पंखा दोरीनं बांधून ठेवलाय.

विकणारा म्हणतो, वारा फुकट. अहो, पाऊसपण फुकटच पडतो. म्हणून शेततळं फुकट होतं का?

खरी गोम पाटीवर आहे. "एक किलोवॅट" हे साधारण ताशी ४० किलोमीटर वारा असतानाचं. वेग निम्मा झाला की ताकद निम्मी नाही, आठवा हिस्सा उरते. अडीच मीटर व्यासाचा पंखा ताशी १४-१५ किलोमीटर वाऱ्यात जेमतेम ५० वॅट देतो. त्यावर चार बल्ब लागतील, तीन एचपीची मोटर नाही.

आणि आपल्याकडं वाऱ्याचा जोर जून ते सप्टेंबर. तेव्हा पाणी वरूनच पडतंय. डिसेंबर-जानेवारीत गहू-हरभरा पाणी मागतो, तेव्हा पंखा गप्प.

"चाळकेवाडीला चालतात की" म्हणणाऱ्यांना सांगतो, ते डोंगराचं पठार आहे, खांब आपल्या खांबाच्या कितीतरी पट उंच, आणि वारा आधी मोजलेला. माझा खांब तीस फुटी, पुढं आंब्याची रांग. वारा न मोजता घेतली, ही चूक माझीच.

सौर पंपाला योजनेत आपला हिस्सा १० टक्के, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याला ५. ऊन तरी जेव्हा पाणी लागतं तेव्हा असतं.

तरी घ्यायचीच असेल तर तीन गोष्टी कागदावर लिहून मागा. माझ्या रानात वर्षाला युनिट किती? बॅटरी कधी बदलायची, किती रुपयाला? बिघडली तर येणार कोण? कृषी अधिकारी साहेब, प्रदर्शनात स्टॉल देताना तुम्हीपण हेच विचारा.

लिहून देत नसेल तर चहा पाजा आणि वाटेला लावा.