फोन मुका, गिऱ्हाईक गेले

गिऱ्हाईक दुकानात आले आणि गल्ल्यावरचा माणूस त्याच्याकडे पाहून गप्पच बसला, तर ते किती वेळ थांबेल? आपल्या काही पेढ्यांत आज फोनवर हेच घडते. यंत्र फोन उचलते; पण "सलाम, नमस्कार, ऑर्डरसाठी एक दाबा" हे शब्द कधी ऐकू येतात, कधी नाही. यंत्राने फोन उचललेला असल्याने हुकलेल्या कॉलमध्ये त्याची नोंदही होत नाही. मालकाला वाटते, धंदा मंदावला. नाहीतर फोनवरचा पोरगा कामचुकार आहे.

आमचे स्पष्ट मत असे की, अशा वेळी पोराला बोल लावू नये आणि घाईने नवे यंत्रही घेऊ नये. आधी एक वही करावी. बाहेरच्या फोनवरून दिवसात दहा-वीस वेळा स्वतःच फोन लावावा. तारीख, वेळ, कोणती लाईन आणि काय ऐकू आले, हे लिहावे. अधूनमधून होणारा बिघाड मिस्त्री आला की नेमका लपतो. वहीत मात्र तो सापडतो.

फक्त पहिला शब्द तुटत असेल, तर आवाजाची वाट खुली होण्याआधीच यंत्र बोलू लागते. संदेशाच्या सुरुवातीला एक सेकंदाची शांतता ठेवली की बहुधा काम भागते. एकाच लाईनवर संदेश मुका होत असेल, तर दोष त्या लाईनचा किंवा तिच्या जोडणीचा. गर्दीच्या वेळीच होत असेल, तर यंत्र एका वेळी किती जणांना संदेश ऐकवू शकते, हे विचारावे.

इंटरनेटवरील फोनची गोष्ट निराळी. त्यात घंटी एका वाटेने येते, आवाज दुसऱ्या. घंटीसाठी बहुधा ५०६० क्रमांकाचे पोर्ट असते. अ‍ॅस्टेरिस्क या प्रणालीत आवाजासाठी मुळात १०००० ते २०००० ही पोर्टे ठेवलेली असतात. राउटरने ती अडवली, तर फोन लागतो पण आवाज पोहोचत नाही. राउटरमधील 'सिप एएलजी' ही सोयही पुष्कळदा घोटाळा करते. ती बंद करून पाहावी. एक लाईन जी.७११ आणि दुसरी जी.७२९ पद्धतीने आवाज नेत असेल, तर संदेश दोन्हींवर वाजतो का, तेही तपासावे.

एका वेळी एकच बदल करावा आणि तो वहीत नोंदवावा. मिस्त्रीकडूनही काय सापडले, ते लिहून घ्यावे.

शेवटी एवढेच: दहा सेकंदांत कोणी बटण दाबले नाही, तर फोन आपोआप माणसाकडे जाईल, अशी व्यवस्था ठेवा. यंत्र मुके झाले तरी पेढी मुकी होता कामा नये.