मनाच्या खरेपणाचें माप

मनुष्य स्वतःशीं कितपत खरा आहे हें अंकांनीं मोजण्याची विद्या आतां साध्य झाली आहे, असें मानसशास्त्रज्ञ सांगतात. २००८ सालीं इंग्लंडांतील अलेक्स वुड आदि संशोधकांनीं बारा विधानांची एक मापपट्टी सिद्ध केली. प्रत्येक विधान आपणांस कितपत लागू पडतें तें एकापासून सातापर्यंतच्या अंकानें सांगावयाचें. विधानांचे गट तीन: स्वतःशीं तुटलेपणा, स्वतःच्या मूल्यांप्रमाणें वागणें, आणि इतरांचा प्रभाव पत्करणें. पैकीं दुसरा जमेकडे. पहिला व तिसरा खर्चाकडे. असा खरेपणा व मनःस्वास्थ्य बहुधा बरोबर नांदतात, असा निष्कर्षही निघाला.

मोजण्याला आमची हरकत नाहीं. पण मोजलें काय, हें तरी पाहूं. आपल्या भावना आपणांसच उमगत नाहींत असें सांगणारा मनुष्य दुःखी निघाला, यांत नवल तें काय? तो तुटलेपणा हेंच एक दुःख आहे. दुःखाचा दुःखाशीं संबंध जुळला, याला शोध कसें म्हणावें?

खरी मेख तिसऱ्या गटांत आहे. १८७३ सालीं विधवाविवाहाचे पुरस्कर्ते रानडे यांनीं, पहिल्या पत्नीच्या मृत्यूनंतर, वडिलांच्या आग्रहापुढें मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशीं लग्न केलें. हें स्वमताविरुद्ध झालें, आणि समकालीनांनीं त्यांस दोष दिला तो योग्यच होता. उलट एखादा पदवीधर नोकरी पत्करण्यापूर्वीं आईचा सल्ला घेतो, तो त्यास मनापासून पटतो, व तसें तो वागतो. येथें खोटेपणा कोठें आहे? परंतु या गटापुढें दोघेही सारखेच अपराधी!

२०१४ सालीं अमेरिका, चीन, भारत व सिंगापूर येथील लोकांची तुलना प्रसिद्ध झाली. स्वभावगत खरेपणांत अमेरिकनांचे अंक सरासरीनें वरचे ठरले. तेवढ्यावरून पौर्वात्यांस कमी खरे म्हणणारास त्याच संशोधनांत उत्तर आहे. या फरकाचा कांहीं भाग, कोण 'मी' म्हणजे काय समजतो, यानेंच उलगडतो. आणि एखाद्या प्रसंगीं आपण खोटें वागलों हा अनुभव चारही देशांत बराचसा सारखाच आहे.

ही शेवटची गोष्ट आमच्या संस्कृत्यभिमान्यांनींही ध्यानांत धरावी. 'आमच्याकडे व्यक्ति कुटुंबांतच विरघळलेली. तिला वेगळें काय विचारावयाचें?' असें म्हणून सुनांचीं व मुलांचीं तोंडें बंद करण्यास आमचा आक्षेप कोणी वापरूं पाहील, तर आम्ही त्याचे सोबती नाहीं. खोटें वागल्याची टोचणी येथेंही टोचतेच.

हा केवळ पंडितांचा वाद नव्हे. ही मापपट्टी समुपदेशनविषयक नियतकालिकांत प्रसिद्ध झाली. तेव्हां ती उपचाराच्या खोलीपर्यंत पोंचणारच. तेथें घरच्यांस विचारून आनंदानें वागणाऱ्या मुलास 'तूं यांच्यापासून मोकळा हो' असें औषध मिळालें, आणि धाकानें मुकाट राहिलेल्या मुलीस 'ही तर तुझी संस्कृति' म्हणून परत पाठविलें, तर दोन्ही चुकांचें मूळ एकच: संमति व सक्ति एका खात्यांत मांडणें.

म्हणून देशादेशांच्या खरेपणाची क्रमवारी लावण्यापूर्वीं आणखी एक प्रश्न प्रत्येकास विचारला पाहिजे: दुसऱ्याचें ऐकलें, तें पटून ऐकलें कीं भिऊन?