रंगाचा रकाना

इंदापूरच्या ताईने भाचीचा बायोडाटा लिहायला मला बसवलं. नाव, शिक्षण, उंची झाली. रंगाच्या रकान्यापाशी ताई म्हणाली, "अरे, निमगोरी लिही." पोरगी सावळी. मी मुकाट लिहिलं. भाची शेजारीच होती. खाली मान घालून उठून गेली.

बारामतीला परतताना एसटीत मन खात राहिलं. अमेरिकेत १९६६ साली ब्लॅक पँथर उभी राहिली. त्याच काळात तिथले कृष्णवर्णीय 'काळा रंग सुंदर आहे' असं ठणकावून सांगू लागले. त्यांच्यावरून १९७२ साली मुंबईत दलित पँथर झाली. आपण नाव घेतलं, लढाऊपणा घेतला. रंगाचा धडा मात्र उंबऱ्याबाहेरच ठेवला.

'फेअर अँड लव्हली' बाजारात आली १९७५ साली. २०२० मध्ये जॉर्ज फ्लॉइडचा पोलिसाने जीव घेतला, जगभर लोक रस्त्यावर उतरले, आणि त्याच वर्षी कंपनीने नावातला 'फेअर' काढला. कंपनीला जमलं, मला मामा असून जमलं नाही!

रात्रीच ताईला फोन करून तो रकाना खोडायला लावला. भाचीलाही चूक कबूल केली. आता आमच्या वधू-वर मेळाव्याच्या फॉर्मवरूनच रंग काढावा, असं येत्या बैठकीत मांडणार आहे. बंधू-भगिनींनो, तुमच्या गावातही मांडा.