देखभालीचे काम पाड्यावरच्या बाईकडे द्या

सौभाग्य योजना २०१७ मध्ये सुरू झाली, तेव्हा वीजवाहिनी नेणे परवडणार नाही अशा दुर्गम वस्त्यांसाठी घरटी २०० ते ३०० वॅटचा सौर संच ठरला. पाच एलईडी दिवे, एक डीसी पंखा, एक प्लग, बॅटरी आणि पाच वर्षांची देखभाल-दुरुस्ती. त्यातल्या बहुतेक संचांची ती मुदत आता संपली आहे. पॅनेल वीस-पंचवीस वर्षे चालते, पण टर्मिनल सैल झाले किंवा चार्ज कंट्रोलरचा फ्यूज उडाला तरी घर अंधारात जाते. दुरुस्ती दहा मिनिटांची असते. तालुक्याहून येणाऱ्या तंत्रज्ञाचा मात्र अख्खा दिवस मोडतो, म्हणून तो येत नाही. आता पीएम-जनमन योजनेतून आदिम जमातींच्या घरांना ०.३ किलोवॅटचे संच मिळत आहेत. महाराष्ट्रात कातकरी, कोलाम आणि माडिया गोंड त्यात येतात. हे संचही त्याच वाटेने जाऊ नयेत असे वाटत असेल, तर दुरुस्तीचे काम पाड्यावरच राहणाऱ्या बाईला रीतसर शिकवून, पगार देऊन सोपवायला हवे.

हे जमते याचा पुरावा राजस्थानातल्या तिलोनियात आहे. १९७२ मध्ये बंकर रॉय यांनी सुरू केलेल्या बेअरफूट कॉलेजात आफ्रिका आणि लॅटिन अमेरिकेतल्या खेड्यांतून बायका येतात. बेलीझच्या माया बायकाही तिथे शिकून गेल्या आहेत. अनेकींना लिहिता-वाचता येत नाही, शिकवणारीशी समान भाषाही नसते. रेझिस्टरवरचे पट्टे आणि वायरींचे रंग बघत, खुणांनी विचारत त्या सोल्डरिंग करतात, मल्टीमीटर लावून बिघाड शोधतात आणि सहा महिन्यांत कंट्रोलर जुळवू लागतात. रॉय चाळिशी-पन्नाशीतल्या बायकांचा आग्रह धरतात, कारण पुरुष प्रमाणपत्र हाती पडले की शहर गाठतो. सौर क्षेत्रात प्रशिक्षित मुले कुठे जातात हे पाहणाऱ्याला यात अतिशयोक्ती वाटणार नाही.

निरक्षर बाईला इलेक्ट्रॉनिक्स कसे जमणार, या शंकेचे उत्तर त्यातच आले. बायकांवर आणखी एक काम लादले जाते, हा आक्षेप मात्र खरोखर वजनदार आहे. पाणी, सरपण, शेत आणि मुले सांभाळून तिने गावाचे दिवेही ‘सेवा’ म्हणून बघायचे असतील, तर ही योजना अन्यायाची आहे आणि ती टिकणारही नाही. तिलोनियाच्या पद्धतीत गावाची समिती घरटी मासिक वर्गणी ठरवते. रॉकेल, मेणबत्त्या आणि टॉर्चचे सेल यांवर घर आधी जे खर्च करत होते, त्या अंदाजाने. त्यातून तिचा पगार निघतो. पण कातकरी पाडा पावसाळा संपल्यावर वीटभट्टीवर जातो, त्याच्याकडून दरमहा वर्गणीची अपेक्षा धरू नये. पगाराचा भार योजनेनेच उचलावा. मेहनतीला बाजारभाव मिळाला की बायका कुठवर जातात हे राजस्थानातल्याच डुंगरपूरला दिसते. तिथल्या आदिवासी बायकांनी आयआयटी मुंबईच्या मदतीने आधी सौर अभ्यासदिवे जोडून विकले आणि २०१७ मध्ये ‘दुर्गा’ हा पॅनेल बनवणारा कारखाना उभा केला. त्याची मालकी त्यांच्या बचत गटांच्या संघांकडे आहे.

उरतो लिथियम बॅटरीचा मुद्दा. तिचे सेल पाड्यावर उघडू नयेत हे मान्य. तिथे बॅटरी बदलणे एवढेच तिचे काम. पण या एका सबबीवर कंट्रोलर, फ्यूज आणि जोडण्याही सीलबंद खोक्यात कोंबणे ही पुरवठादाराची सोय आहे, सुरक्षितता नव्हे. निविदा लिहिणाऱ्या वाचकांना विनंती आहे की स्क्रू काढून उघडता येणारा कंट्रोलर, पाड्यावर सुट्या भागांची पेटी, बॅटरीबदलासाठी पहिल्या वर्षापासून वेगळी ठेवलेली रक्कम आणि बाईच्या नावे दरमहा मानधन ही चार कलमे तांत्रिक अटींमध्येच घाला. ‘लोकसहभाग’ या परिच्छेदात टाकलेली कलमे देयक मंजूर करताना कोणी तपासत नाही.