दुसरा कागद

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. मी ज्या रुग्णालयाच्या समाजसेवा विभागात काम करत होते, तिथे सकाळीच कॅज्युअल्टीतून बोलावणं आलं. सव्वीस-सत्तावीस वर्षांची बाई, तीन दिवस पोट दुखतंय. घरी ओवा-हिंग झालं, गावच्या डॉक्टरचं इंजेक्शन झालं. अपेंडिक्स फुटल्याची शंका होती, तासाभरात ऑपरेशन. मला बोलावलं होतं ते सासऱ्यांना रक्तदानासाठी समजवायला. निवासी डॉक्टरच्या हातात दोन कागद होते. एक ऑपरेशनच्या संमतीचा, दुसरा पोट शिवण्याच्या दोन पद्धतींची तुलना करणाऱ्या संशोधनाचा. दोन्हींवर नवऱ्याची सही. बाई पूर्ण शुद्धीवर होती. माझा हात धरून म्हणाली, "ताई, दुसरा कागद कसला हो?"

मी सांगितलं. दोन वाक्यांत सांगून झालं. ती म्हणाली, "मग मला विचारायचं की. पोट तर माझंच हाय."

तो डॉक्टर वाईट नव्हता. आदल्या सकाळपासून उभा होता आणि नवरा समोर होता, एवढंच.

मैत्रिणींनो, अशा वेळी आपल्या तोंडी पहिलं वाक्य येतं ते "गरीब बायांवर प्रयोग." त्याला कारणंही आहेत. नेट-एन आणि डेपो-प्रोव्हेराविरुद्धची लढाई आपणच लढलो. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या खम्मम जिल्ह्यात एचपीव्ही लशीच्या प्रकल्पात वसतिगृहातल्या मुलींच्या वतीने वॉर्डननी सह्या केल्या, हे आपण विसरलेलो नाही. पण तातडीच्या शस्त्रक्रियेच्या बाबतीत मला हे वाक्य पुरेसं वाटत नाही. इथे संशोधन होण्याइतकंच न होण्यानेही बाया मरतात.

एक उदाहरण देते. पोट बंद करण्याआधी डॉक्टर-नर्सने हातमोजे बदलायचे आणि नवी हत्यारं घ्यायची, एवढ्याने फरक पडतो का? भारतासह सात देशांतल्या ८१ रुग्णालयांत १३ हजारांवर रुग्णांवर हे तपासलं गेलं. निष्कर्ष २०२२ मध्ये आले. नेहमीच्या पद्धतीत शंभरातल्या सुमारे १९ जणांची जखम पिकली, मोजे-हत्यारं बदलल्यावर १६ जणांची. आकडा लहान दिसतो. पण जखम पिकलेल्या बाईची मजुरी बुडते, पाणी भरायला मुलगी शाळेतून घरी बसते, हे आपण रोज पाहतो. आता आपल्या तालुक्याच्या रुग्णालयात मोजे बदलतात का, हे विचारायला आपल्या हातात आधार आहे.

दुसरं उदाहरण ब्रिटनचं. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या, १५४ रुग्णालयांच्या पाहणीत दिसलं की १६ ते ४५ वयाच्या ज्या बायांचं अपेंडिक्स काढलं, त्यांच्यापैकी २८ टक्के जणींचं ते निरोगीच होतं. पुरुषांत हेच प्रमाण १२ टक्के. बाईच्या ओटीपोटात दुखण्याची कारणं जास्त असतात हे खरं. गर्भनळीतला गर्भ असेल, अंडाशयाला पीळ पडला असेल. पण मोजलं नसतं तर हे कळलं असतं का? उलट ऑपरेशनऐवजी फक्त प्रतिजैविकांवर अपेंडिक्स बरं होतं का, हे पाहणाऱ्या फिनलंडच्या गाजलेल्या चाचणीत (२०१५) गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांना घेतलंच नव्हतं. काळजीपोटीच, मान्य. पण त्यांचंही अपेंडिक्स दुखतं, आणि तेव्हा डॉक्टरांपुढे उत्तर नसतं.

म्हणून माझं भांडण संशोधनाशी नाही, सहीशी आहे. बाई बेशुद्ध असेल तर नातेवाइकाने संमती द्यावी, हे नियमांत आहे. ती शुद्धीवर असेल तर तिचीच. वाचता येत नसेल तर सगळं सांगून होईपर्यंत तिऱ्हाईत साक्षीदार हजर हवा आणि अंगठा तिचा हवा, हे २०१९ च्या चाचण्यांच्या नियमांत स्पष्ट आहे. नवऱ्याचं नाव त्यात कुठेही नाही. समीरा कोहली खटल्यात तपासणीसाठी भूल दिलेल्या बाईचं गर्भाशय आईच्या संमतीवर काढलं गेलं होतं. जिवाला धोका नसताना सज्ञान बाईच्या वतीने आईसुद्धा संमती देऊ शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये सांगितलं. ते ऑपरेशनबद्दल होतं. संशोधनाच्या कागदाला याहून कमी कसं चालेल?

आणखी एक, जे कागदावर दिसत नाही. अशा अभ्यासांत तीस दिवसांनी जखमेची चौकशी होते, बहुतेकदा फोनवर. फोन नवऱ्याचा. "बरी आहे" म्हणतो आणि ठेवतो. ती माहेरी असते, टाक्यातून पू येत असतो, आणि तक्त्यात ती बरी झालेली असते. त्या बाईच्या बाबतीत मी स्वतः गेले म्हणून कळलं.

नैतिक समितीत एक सामान्य नागरिक, एक स्त्री आणि एक समाजशास्त्रज्ञ किंवा स्वयंसेवी संस्थेचा प्रतिनिधी असावा लागतो. निम्मे सदस्य संस्थेबाहेरचे. या खुर्च्यांवर कोण बसतं? मी चौकशी केली त्या ठिकाणी स्त्री सदस्य म्हणून त्याच रुग्णालयातल्या प्राध्यापिका होत्या. आपल्या गटांनी आपापल्या जिल्ह्यातल्या समित्यांची नावं मागवावीत, आणि बाहेरची जागा रिकामी दिसली तर अर्ज करावा. संशोधन-पद्धती येत नाही म्हणून मागे सरू नये. "फोन कुणाचा?" हे विचारायला ती लागत नाही.