'हजर' कुठून आला?

बालमित्रांनो, वर्गात नाव पुकारलं की कुणी 'हजर' म्हणतं, कुणी 'उपस्थित', तर कुणी नुसताच हात वर करतं. (एखादा मागच्या बाकावरून मित्राचीही हजेरी देतो, ते बाईंना कळत नाही असं समजू नका!) आज या 'हजर'ची गोष्ट.

शब्द मूळचा अरबी. आपल्याकडे लहानाला 'तू', मोठ्याला 'तुम्ही', फारच अदब हवी तर 'आपण'. जुन्या अरबीत मात्र समोर उंटवाला असो की राजा, 'अन्ता' म्हणजे 'तू'च! बाईमाणूस असेल तर 'अन्ती', एवढाच फरक. इजिप्तच्या बोलीत त्याचं 'इन्ता' आणि 'इन्ती' झालं. पण कैरोतल्या मुलानं गुरुजींना 'इन्ता' म्हटलं तर ते उद्धटपणाचं दिसतं. मग करायचं काय? तो म्हणतो 'हद्रितक', आणि बाईंना 'हद्रितिक'. शब्दशः अर्थ, 'तुमची उपस्थिती'. म्हणजे 'तुम्ही कसे आहात?' असं न विचारता 'तुमची उपस्थिती कशी आहे?' असं विचारायचं. आहे की नाही गंमत?

यातला 'द' जरा जड उच्चाराचा. फारसी बोलणाऱ्यांच्या तोंडी त्याचा 'ज' झाला आणि फारसीतून आपल्याकडे हजर, हजेरी, हजरत असे शब्द आले. पुण्याच्या हुजूरपागेतला 'हुजूर'सुद्धा याच घराण्यातला. कैरोत आईनं पाव आणायला पिटाळलं की मुलगा 'हादिर' म्हणतो, म्हणजे 'हो, आत्ता!' खरंच लगेच उठतो का, ते त्याच्या आईलाच ठाऊक.

मान देण्याचा दुसरा जुना शब्द 'सय्यिदी', म्हणजे 'माझे धनी'. बोलता बोलता त्याचं 'सीदी' झालं, आणि मोरोक्कोत घासून घासून नुसतं 'सी' उरलं. 11व्या शतकात स्पेनमध्ये रोद्रिगो दियाझ नावाचा सरदार होता. तो 'एल सिद' म्हणून प्रसिद्ध झाला, तेही याच शब्दावरून. आणि आपल्या जंजिऱ्याचा सिद्दी? बहुतेक अभ्यासक त्याचंही मूळ इथंच सांगतात.

सगळ्यात मजा दमास्कस-बैरूतकडे. तिथं आईला 'मामा' म्हणतात, आणि आईसुद्धा लाडानं लेकराला 'मामा'च म्हणते! वडील मुलाला म्हणतात 'बाबा'. हसू नका. 'अरे बाबा, जेव आता' असं तुमच्या घरी कोण म्हणतं?