मुलाला वाचताना ऐकायचे कोणी?

माननीय शालेय शिक्षण मंत्री, शिक्षण आयुक्त आणि राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे संचालक यांस,



जिल्हा परिषदेच्या शाळांत शिकवून आणि पुढे केंद्रप्रमुख म्हणून काम करून मी निवृत्त झालो आहे. राज्यभर होणाऱ्या नियतकालिक मूल्यांकन चाचणीविषयी, म्हणजे शिक्षक जिला ‘पॅट’ म्हणतात तिच्याविषयी, आपल्याशी बोलायचे आहे. जुलै-ऑगस्टमध्ये पायाभूत, दिवाळीच्या आगेमागे संकलित एक आणि एप्रिलमध्ये संकलित दोन. प्रथम भाषा, गणित, इंग्रजी. प्रश्नपत्रिका छापून येतात, वर्गशिक्षक पेपर तपासतात आणि प्रत्येक मुलाचे गुण विद्या समीक्षा केंद्राच्या चॅटबॉटवर भरतात.

ही चाचणी बंद करावी असे माझे म्हणणे नाही. मुले आठवीपर्यंत वर जात राहिली आणि त्यांतल्या अनेकांना वाचता येत नाही याची कुठे नोंदही झाली नाही, असा काळ मी पाहिला आहे. २०१५ साली ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ हा कार्यक्रम आला आणि निदान प्रत्येक मुलाचे नाव घेऊन बोलणे सुरू झाले, त्याचे मोल मी जाणतो. पण आज ज्या पद्धतीने चाचणी घेतली जाते, तिच्यातून वाचता न येणारे मूल सापडत नाही. गुण मिळतात, मूल हुकते.

तिसरीचा वर्ग डोळ्यांसमोर आणा. एक मुलगी बाराखडी ओळखते, ‘कमळ’, ‘पाणी’, ‘घोडा’ सहज वाचते; पण ‘प्रश्न’, ‘सूर्य’, ‘गोष्ट’ आले की थबकते. प्रत्येक जोडाक्षर फोडून वाचताना वाक्याचा शेवट येईपर्यंत तिला सुरुवात आठवत नाही. तिच्या शेजारच्या मुलाला वेलांटी आणि मात्रा यांतला फरकही पक्का नाही. मात्र तो नजरेने हुशार आहे. प्रश्नात जो शब्द दिसतो तो उताऱ्यात शोधतो आणि त्या ओळीतले पुढचे शब्द उत्तर म्हणून उतरवतो. दोघांनाही उताऱ्यावर सारखेच गुण पडतात आणि चॅटबॉटवर दोन सारखे आकडे जातात. आता या दोघांना द्यायची मदत पाहा. मुलीला रोज थोडे प्रकट वाचन आणि जोडाक्षरांचा सराव मिळाला तर ती दोन-तीन महिन्यांत गोष्ट वाचू लागेल. मुलाला मात्र पहिलीपासून पुन्हा धरावे लागेल, स्वरचिन्हांपासून. गुणांच्या रकान्यावरून शिक्षकाला यांपैकी काहीच कळत नाही. शिक्षकाला ते ठाऊक असलेच तर रोजच्या ऐकण्यामुळे ठाऊक असते. ज्या वर्गाला वर्षात दोनदा शिक्षक बदलून मिळाला, तिथे तेही नसते.

वाचता येते की नाही हे समजण्याचा एकच खात्रीचा मार्ग आहे: मुलाला जवळ बसवायचे, समोर मजकूर ठेवायचा आणि ऐकायचे. ‘प्रथम’ संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून होणारे ‘असर’ सर्वेक्षण हेच करते. अक्षरे, शब्द, पहिलीच्या पातळीचा परिच्छेद, दुसरीच्या पातळीची गोष्ट. मूल कुठे थांबते ते पाहायचे. २०२४ च्या ‘असर’नुसार ग्रामीण भारतातील सरकारी शाळांच्या तिसरीतली २३.४ टक्के मुले दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकत होती. २०२२ मध्ये ते प्रमाण १६.३ टक्के होते. हा आकडा उंचावल्याचा आनंद आहेच. पण चार मुलांतली तीन अजून त्या गोष्टीपर्यंत पोहोचलेली नाहीत, आणि हे कळले ते कोणीतरी त्यांच्याजवळ बसून ऐकल्यामुळे. राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेनेही २०२२ मध्ये तिसरीच्या मुलांचा पायाभूत अध्ययन अभ्यास केला, तो एकेका मुलाला समोर बसवून. मग राज्याची चाचणी ही पद्धत का स्वीकारत नाही?

‘पॅट’मध्ये तोंडी भाग आहे, हे मला माहीत आहे. पण दोन शिक्षक आणि चार किंवा पाच इयत्ता असलेल्या शाळेत, ठरलेल्या मोजक्या दिवसांत, लेखी पेपर सांभाळून तो भाग मनापासून घ्यायला शिक्षकाकडे वेळ कुठला? तोंडीचे गुण अनेक ठिकाणी अंदाजाने भरले जातात. शिक्षकाला निष्ठा नाही म्हणून हे होत नाही. चाचणीचे वेळापत्रक आखताना एका मुलाला ऐकायला किती मिनिटे लागतात याचा हिशेबच धरलेला नाही.

याहून अवघड गोष्ट पुढे आहे. ज्या वर्गाचा निकाल, त्याच वर्गाचा शिक्षक परीक्षक. आणि त्या निकालावर शाळेचे, केंद्राचे, तालुक्याचे मोजमाप. आढावा बैठकांत कोणते प्रश्न विचारले जातात हे मी जवळून पाहिले आहे. माहिती किती टक्के भरली? कोणते केंद्र मागे आहे? संध्याकाळपर्यंत पूर्ण होईल का? ‘तुमच्या केंद्रात न वाचणारी मुले किती आणि त्यांचे काय करताय’ हा प्रश्न क्वचितच येतो. मागच्या चाचणीपेक्षा गुण कमी दिसले की खुलासा मागितला जातो, हे एकदा कळल्यावर पुढच्या चाचणीत ते कमी दिसत नाहीत. मध्य प्रदेशातील ‘प्रतिभा पर्व’ या राज्यव्यापी चाचणीची संशोधकांनी पडताळणी केली, तेव्हा तेच प्रश्न मुलांना स्वतंत्रपणे विचारल्यावर निकाल शाळेने कळवलेल्यापेक्षा बराच खाली आला होता. आंध्र प्रदेशात बाहेरच्या पर्यवेक्षकांनी टॅब्लेटवर घेतलेल्या चाचणीत हा फुगवटा फार कमी झाला. आपल्याकडची माणसे वेगळ्या मातीची नाहीत. दडपण असेल तिथे आकडे फुगणारच, आणि फुगलेल्या आकड्याची किंमत ज्याला पुढच्या वर्गात ढकलले गेले ते मूल मोजते.

वेळेचेही पाहा. संकलित दोन एप्रिलमध्ये, निकाल १ मे रोजी, लगेच उन्हाळी सुट्टी. जूनमध्ये मूल वरच्या वर्गात जाते, पुष्कळदा नव्या शिक्षकाकडे. मूल कुठे अडते हे सर्वांत नीट कळू शकते तेव्हाच शाळा बंद असते. आणि बीड, अहिल्यानगर किंवा नाशिकच्या काही भागांतली ऊसतोड कुटुंबांची मुले? ती दसरा-दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर फडावर जातात आणि हंगाम संपल्यावर परततात. हंगामी वसतिगृहे काहींना गावात थांबवतात, सगळ्यांना नाही. पायाभूत चाचणीला ही मुले वर्गात असतात. पुढच्या दोन चाचण्यांत त्यांच्या नावापुढे पुष्कळदा गैरहजर लागते. वाचन ज्या महिन्यांत तुटते, नेमक्या त्या महिन्यांची नोंद कोऱ्या जागेने होते आणि सरासरीतून ती मुले बाहेर पडतात. म्हणून आपल्यापुढे जी सरासरी येते तिच्यात गैरहजर मुले किती, हे तिच्याच शेजारी छापले जावे.

मेळघाटातली कोरकू मुले, सातपुड्यातली पावरा आणि भिली बोलणारी, गडचिरोलीतली माडिया आणि गोंडी बोलणारी मुले पहिलीत येतात तेव्हा मराठी त्यांच्या कानाला नवी असते. कोरकू तर मराठीच्या भाषाकुळातलीही नाही. तिसरीच्या पेपरात ही मुले कमी पडली तर ती वाचायला कमी पडली की भाषा समजायला, हे लेखी चाचणी सांगू शकत नाही. जवळ बसलेला माणूस सांगू शकतो, आणि त्या मुलाशी त्याच्या बोलीत दोन वाक्ये बोलू शकणारा असेल तर फार चांगले सांगू शकतो. भाषेचा आणखी एक मुद्दा आहे. केंद्र सरकारच्या ‘निपुण भारत’ अभियानात तिसरीच्या अखेरीस मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचण्याचे लक्ष्य आहे. विभक्ती आणि शब्दयोगी अव्यये पोटात घेऊन लांबलेले मराठी शब्द आणि इंग्रजीचे सुटे छोटे शब्द एकाच मापाने मोजावेत का, याचाही विचार राज्य परिषदेतल्या भाषातज्ज्ञांनी करावा.

माझी मागणी अशी की, दोन कामे वेगळी करा. राज्याची स्थिती जाणून घ्यायची असेल तर त्यासाठी प्रत्येक शाळेतल्या प्रत्येक मुलाचे गुण पुण्याला यायची गरज नाही. प्रत्येक जिल्ह्यातून नमुन्याने निवडलेल्या शाळा पुरेत. तिथे त्या शाळेशी संबंध नसलेल्या माणसांनी जाऊन एकेका मुलाचे वाचन ऐकावे, त्याला चार वाक्ये स्वतःच्या मनाने लिहायला सांगावीत आणि निकाल जिल्हानिहाय जाहीर करावेत. जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्थांचे (डाएट) अधिव्याख्याते आहेत, शेजारच्या तालुक्यातले शिक्षक आहेत, अध्यापक विद्यालयांतले विद्यार्थी आहेत, माणसे मिळतील. त्यात कोणत्याही शिक्षकाचे नाव नसावे, म्हणजे आकडा खरा राहील.

आणि वर्गातली चाचणी वर्गातच राहू द्या. तिचे गुण कुठेही भरायचे नाहीत, तिच्यावरून कोणाचाही आढावा घ्यायचा नाही. जुलैत प्रत्येक मुलाला ऐकायचे, कोण कुठे अडते ते वहीत टिपायचे, आणि त्या नोंदीवरून पुढचे शिकवायचे. यासाठी शाळेला सलग एक आठवडा मोकळा द्या. त्या आठवड्यात मतदारयादीचे काम नको, प्रशिक्षण नको, माहिती भरायची कुठलीही लिंक नको. केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत शिक्षकांनी या वह्या उघडून बसावे आणि जोडाक्षरावर अडलेली मुले कोणी कशी पुढे नेली ते एकमेकांना सांगावे. अशा बैठका काही केंद्रांत झाल्या आहेत आणि तिथून शिक्षक नवे काही घेऊन वर्गात गेलेले मी पाहिले आहेत.

‘निपुण भारत’ने प्रत्येक मुलाला वाचता-लिहिता यावे यासाठी २०२६-२७ हे वर्ष ठरवले. २०२५ च्या मार्चमध्ये आपल्या राज्यानेही दुसरी ते पाचवीसाठी कालबद्ध कृती कार्यक्रम काढला. मुदत जवळ येईल तशी ती पूर्ण झाल्याचे दाखवण्याची घाई वरपासून खालपर्यंत वाढेल. ती घाई आपणच थांबवू शकता. पुढच्या चाचणीचे परिपत्रक निघेल तेव्हा त्यात एवढे स्पष्ट लिहावे: कमी गुण कळवणाऱ्या शाळेकडून खुलासा मागितला जाणार नाही, त्या शाळेला वाचनाची पुस्तके, जादा शिक्षक आणि केंद्रप्रमुखांचा वेळ आधी मिळेल. आणि त्या परिपत्रकाची प्रत गटशिक्षणाधिकारी आणि विस्तार अधिकाऱ्यांबरोबर शाळा व्यवस्थापन समितीच्या पालकांनाही मिळावी.

आपला,
एक निवृत्त केंद्रप्रमुख